योम हाशोआ 2023 : अश्दोदच्या आमच्या प्रार्थनालयातील कामाच्या नोंदी

दिमोना, लोद, बीरशेबा इथल्या बेने इस्राएल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या ज्यू मंडळींपैकी कोणाला आपल्या प्रार्थनालयात शोआच्या स्मरणाची संध्याकाळ करायची असेल, तर त्यांच्या हाताशी असाव्यात म्हणून या नोंदी. भारतातल्या वाचकांसाठी थोडं आधी सांगते. हिटलरच्या राजवटीत मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मरणाचा दिवस म्हणजे योम हाशोआ. तो ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या 27 तारखेला येतो आणि 1959 च्या कायद्याने इथे इस्राएलमध्ये पाळला जातो. आदल्या संध्याकाळी हॉटेलं, नाट्यगृहं बंद असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दोन मिनिटं भोंगा वाजतो आणि देश असेल तिथे उभा राहतो.

मंगळवार, 3 जानेवारी

आज असारा बेतेवेतचा, म्हणजे तेवेत महिन्याच्या दहाव्या दिवसाचा उपास. ज्यांच्या मृत्यूचा दिवस कोणालाच ठाऊक नाही अशा शोआतल्या मृतांसाठी मुख्य रब्बी मंडळाने हाच दिवस कद्दीशला, म्हणजे मृतांसाठी म्हणायच्या प्रार्थनेला, नेमून दिला आहे. कद्दीश झाला, उपास सुटला, चहा घेताना मुकादमकाकांनी विषय काढला : यंदा योम हाशोआची संध्याकाळही आपणच करायची. आजवर आमची मंडळी नगरपालिकेच्या कार्यक्रमाला जाऊन मागच्या रांगेत बसत.

सैन्यातून नुकत्याच सुटून आलेल्या एका मुलाने विचारलं, "आपल्यातलं तर कोणी गेलं नाही. मग आपण काय सांगणार?" प्रश्न खरा आहे. त्या वर्षांत आपले वाडवडील मुंबईत, ठाण्यात, पेण-अलिबागला होते. भायखळ्याच्या किंवा डोंगरीच्या घरात शनिवारचा दिवा निर्धास्त लागत होता. युरोपातून निसटलेले काही ज्यू उलट मुंबईच्या आसऱ्याला आले. आकाशवाणीची पहाटेची धून ज्यांच्या नावावर आहे ते वॉल्टर कॉफमन प्रागहून 1934 साली आले. त्याच साली अशांच्या मदतीला मुंबईत ज्युइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली.

मला वाटतं, ज्यांच्या घरात कोणी गेलं नाही त्यांच्यावरच हे काम जास्त येतं. ज्या घरातलं एकही माणूस उरलं नाही, त्या घरातली नावं दुसऱ्या कोणीतरी घ्यायलाच हवीत.

ठरलं ते असं : भाषणं नाहीत. आमच्या वस्तीत राहणाऱ्या, त्यातून वाचलेल्या माणसांचा मान, आणि एका शहरातल्या मृतांची नावं. शहर सालोनिका, म्हणजे ग्रीसमधलं थेसालोनिकी. 15 मार्च 1943 ला तिथून ऑशविट्झच्या मृत्युछावणीकडे पहिली गाडी निघाली, यंदा त्याला ऐंशी वर्षं होतील. ऑगस्टपर्यंत सुमारे 46,000 माणसं नेली. त्या शहराच्या बंदरात शनिवारी माल उतरत नसे, कारण हमाल ज्यू होते. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली म्हणजे आपण. हे सांगितल्यावर तो मुलगा नावांच्या कामाला स्वतःहून पुढे आला.

शुक्रवार, 27 जानेवारी

रब्बींशी बोलणं झालं. हे काम सर्वांत आधी करा, नाहीतर छापलेलं बदलावं लागतं. निसान हा आनंदाचा महिना, त्यात हश्कावा, म्हणजे मृतांच्या शांतीची प्रार्थना, म्हणत नाहीत, मृतांवर भाषणंही करत नाहीत. आमच्या पहिल्या आराखड्यात हश्कावा होता. तो काढला. तेहिलिमचा (स्तोत्रांचा) 130 वा अध्याय, मिश्ना या जुन्या धर्मसंहितेचा एक छोटा भाग आणि त्यावर कद्दीश, एवढं ठेवलं. कद्दीशला दहा पुरुष लागतात, ते आमच्याकडे सहज जमतात.

वेळ : संध्याकाळी आठला याद वाशेम या जेरुसलेममधल्या शोआ स्मारकाच्या वॉर्सा गेटो चौकातला सरकारी कार्यक्रम टीव्हीवर असतो, त्यात सहा वाचलेली माणसं सहा मशाली पेटवतात. आमच्या आजी-आजोबांना तो घरी बसून पाहायचा असतो. म्हणून मिन्हा (दुपारची प्रार्थना) सव्वासहाला, लगेच नावं, सूर्यास्तानंतर सव्वासातच्या सुमारास दिवे, मग अर्वीत (रात्रीची प्रार्थना), आणि आठच्या आत सगळे घरी.

रविवार, 12 फेब्रुवारी

ज्यांना बोलवायचं त्यांच्या घरी जाऊन आलो. तिघं आहेत. नावं लिहीत नाही.

साबा, म्हणजे हिब्रूत आजोबा, अठ्ठ्याऐंशीचे, सालोनिकाचेच. त्यांच्या घराकडे स्पेनचं नागरिकत्व होतं. अशा 367 जणांना ऑगस्ट 1943 मध्ये ऑशविट्झऐवजी बर्गन-बेल्झनच्या छावणीत नेलं, फेब्रुवारी 1944 मध्ये स्पेनमध्ये सोडलं, तिथून कासाब्लांकामार्गे ते या देशात आले. साबांच्या आईच्या माहेरची माणसं मात्र स्पेनची नागरिक नव्हती. ती सगळी गेली.

दुसऱ्या आजी रुमानियाच्या. लहानपणी त्यांना ट्रान्सनिस्ट्रियात, म्हणजे रुमानियाने युद्धात ताब्यात घेतलेल्या युक्रेनच्या भागात, मोगिलेवला हाकलून नेलं होतं. त्या म्हणाल्या, "दिवा लावीन. विचारू नका काही." आम्ही विचारलं नाही.

तिसऱ्या आमच्याच गल्लीतल्या, बेनगाझीच्या. लिबियातल्या इटालियन सरकारने 1942 मध्ये सुमारे 2,600 ज्यूंना वाळवंटातल्या जादो छावणीत कोंडलं. भूक आणि टायफसने 562 जण मेले. या तेव्हा सहा वर्षांच्या. तान्हा भाऊ तिथेच गेला. आम्ही निमंत्रण दिलं तर त्या मागे सरल्या : "आम्ही कुठे ऑशविट्झला होतो? त्या लोकांच्या शेजारी मी कशी बसू?" इतकी वर्षं शेजारी राहूनही त्यांनी जादोचं नाव कधी काढलं नव्हतं, आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. आग्रह केला नाही. पुन्हा येऊ एवढंच सांगून उठलो.

शिकलेलं, थोडक्यात : सकाळी दहा ते बारा या वेळेत जा, दुपारी ही माणसं थकतात. दोघांहून जास्त जण जाऊ नका. छावणीत गोंदलेला हातावरचा नंबर दाखवा असं कधीही म्हणू नका. "कसं वाटलं" हा प्रश्न नको, "घर कोणत्या रस्त्यावर होतं", "आई काय स्वयंपाक करायची" असं विचारा, मग ती आपणहून बोलतात.

रविवार, 26 फेब्रुवारी

साबांचं ध्वनिमुद्रण. त्यांना मंचावर बोलायचं नाही, घरी बोलले तर चालेल. पहिल्या खेपेचं मुद्रण फुकट गेलं, कारण फ्रिजची घरघर आवाजापेक्षा मोठी निघाली. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, खिडकीला गोधडी लावली, फोन त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर उशीवर ठेवला. मग स्वच्छ आलं. फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवायची, ही युक्ती त्यांच्या मुलीची.

चाळीस मिनिटांतून पाच मिनिटं वापरायची होती. कोणती, ते साबांनी ठरवलं. आम्हाला आगगाडीचा भाग महत्त्वाचा वाटत होता. त्यांनी आजोबांच्या दुकानाचा निवडला : कापडाचे गठ्ठे, शुक्रवारी दुपारी खाली येणारी फळी, आजोबांचा आवाज. "ते मेले कसे हे सगळे विचारतात. ते होते कसे हे मला सांगायचंय." तसंच ठेवलं.

गुरुवार, 9 मार्च

पुरीमचा सण संपला, नावांना बसलो. सर्वांत जास्त वेळ इथे गेला.

याद वाशेमच्या नामसूचीत 2023 मध्ये 48 लाखांच्या आसपास नावं होती, घरबसल्या शोधता येतात. बरीचशी नावं साक्षपत्रांतून आलेली : नातेवाइकांनी भरलेला एकेक कागद, त्यात आईबापांची नावं, जन्मगाव, धंदा, नवरा किंवा बायको. शहर टाकून शोधलं की हजारोंनी नावं येतात, आणि त्यात एकाच माणसाचे दोन-तीन कागद निघतात. बहिणीने एक भरलेला, पुतण्याने दुसरा, दोन्हींत वय वेगळं. आमच्या पहिल्या यादीत अशी दुबार नावं भरपूर होती आणि ती यादी पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. उपाय : आडनावावरून जुळवू नका, आई आणि बाप दोघांची नावं जुळली तरच एक माणूस धरा. वयात फरक असेल तर वय वाचू नका.

किती नावं? नाव, वय, धंदा असं नीट वाचायला सात सेकंद लागतात. त्या हिशेबाने सालोनिकाचे 46,000 वाचायला रात्रंदिवस जवळपास चार दिवस लागले असते. आमच्याकडे अर्धा तास. 240 नावं घेतली, बारा वाचणारे, प्रत्येकी वीस. कुटुंब तोडायचं नाही, एका घरातली सगळी नावं एकाच्या तोंडी. त्यामुळे कोणाला अठरा आली, कोणाला तेवीस.

बुधवार, 15 मार्च

वाचनाची पहिली तालीम, आणि ती बिघडली. हिब्रूत स्वर लिहीत नाहीत. ओळखीचं नाव असेल तर अडत नाही, पण ग्रीसमधलं स्पॅनिश वळणाचं आडनाव पहिल्यांदा वाचणारा अडखळतोच. एकच आडनाव एकाने मुल्को वाचलं, दुसऱ्याने मोल्खो. फ्लोरेन्तिनचं प्लोरेन्तिन झालं. त्या माणसाचं जगात एवढंच उरलं आहे. ते चुकीचं म्हणून चालणार नाही.

हझानकाकांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या काकांनी, वाट दाखवली. आमच्याकडची साठीपुढची मंडळी मराठी शाळेत शिकलेली, देवनागरी झरझर वाचतात. देवनागरीत प्रत्येक स्वर दिसतो. पुण्यात 1874 साली छापलेल्या हागादात, म्हणजे पेसाख सणाच्या पोथीत, हिब्रूशेजारी मराठी होतीच, मग नावं का नकोत? आज ऐंशी वर्षं झाली त्या पहिल्या गाडीला, आणि आज ठरलं : सगळी नावं देवनागरीत उतरवायची, साबांना एकेक म्हणून दाखवायची, ते दुरुस्त करतील तसं लिहायचं.

गुरुवार, 23 मार्च

साबांकडच्या बैठका संपल्या. मोल्हो, आंजेल, मोदियानो, साल्तिएल, मातारासो. ते डोळे मिटून ऐकत, चुकलं की बोट वर करत. फ आणि ख खाली नुक्ता द्यावा लागला. मराठीत त्याची सवय नसते, म्हणून वाचणाऱ्यांना आधी समजावून सांगितलं. मध्येच एखादं आडनाव आलं की ते म्हणत, "हे आमच्या मागच्या आळीत होते." त्या बैठकांची घाई करू नका. त्या कामाचा भाग नाहीत असं वाटतं, पण काम तेच आहे.

तरुण मुलांना देवनागरी येत नाही. त्यांच्यासाठी स्वरचिन्हं दिलेली हिब्रू प्रत वेगळी केली, तीही देवनागरीवरून तपासून.

दिव्यांचं स्टँड आज आलं. लोखंडी, सहा कप्प्यांचं, वेल्डरने 600 शेकेल घेतले. दिसायला सुंदर, उंची 110 सेंटिमीटर. चाकाच्या खुर्चीत बसून कोणाचाही हात तिथे पोचत नाही. वेल्डरकडे परत नेलं, 70 सेंटिमीटरवर कापून घेतलं, खालचा आडवा दांडाही काढला म्हणजे खुर्चीचा पाय आत सरकतो. त्याचे 120 वेगळे. ऑर्डर देण्याआधी खुर्चीत बसून हात पुढे करा आणि तिथे माप घ्या.

गुरुवार, 30 मार्च

पेसाखच्या आत छपाई उरकायची होती, कारण सण 12 एप्रिलला संपतो, मध्ये एक शुक्रवार-शनिवार जातो आणि 17 ची संध्याकाळ उजाडते. छापखान्यातून नमुना आला तर देवनागरीची दाणादाण. जोडाक्षरं फुटलेली, मोल्होमधला ल पाय मोडून पडलेला, वेलांट्या भलत्या अक्षराला. उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या त्यांच्या प्रणालीने आमचा मजकूर उलटासुलटा केला होता. पुन्हा पाठवलेल्या फाइलीचंही तेच. शेवटी मुकादमांच्या नातीने पानं घरीच लावली, सगळ्या अक्षरांच्या रेघा करून टाकल्या, म्हणजे छापखान्याच्या दृष्टीने ते चित्र झालं. मग जसंच्या तसं उतरलं. बारा पानं, अक्षर मोठं, 80 प्रती, 640 शेकेल.

मशालींचा बेत रद्द केला. अंगणात रॉकेलची एक पेटवून पाहिली, समुद्राच्या वाऱ्याने धूर थेट खुर्च्यांवर. फुप्फुसाचा त्रास असलेल्यांना तिथे बसवता येणार नाही, आणि धुराचा वास या माणसांपुढे नकोच, हे रुमानियाच्या आजींच्या मुलाने हळूच सांगितलं. आम्हाला ते आधी सुचायला हवं होतं. चोवीस तास जळणारे नेर नेशामाचे, म्हणजे मृतांच्या स्मरणाचे, साधे दिवे आणि वाऱ्याला आडोसा म्हणून काचेच्या चिमण्या, सगळं मिळून 140. पेटवायला लांब दांड्याचा लायटर. काडी थरथरत्या हातात टिकत नाही.

गुरुवार, 13 एप्रिल

सण उलटला. बेनगाझीच्या आजी आज आपणहून दारात आल्या. पेसाखच्या सेदेरला, म्हणजे पहिल्या रात्रीच्या विधीच्या जेवणाला, त्यांनी नातवंडांना पहिल्यांदा जादोबद्दल सांगितलं होतं. "माझ्या भावाचं नाव वाचाल का?" नामसूचीत शोधलं, नव्हतं. पुस्तिका छापून झालेली. एक जोडपान वेगळं काढलं, मथळा जादो, पहिलं नाव त्या बाळाचं, पुढे आजींना आठवली ती नावं. 90 शेकेल. खर्चापेक्षा हे महत्त्वाचं, की तुमच्या यादीत शेवटपर्यंत एक रिकामं पान ठेवा. असं नाव शेवटच्या आठवड्यातच येतं.

रविवार, 16 एप्रिल

सभागृहात ध्वनिक्षेपकाची चाचणी. यंत्रणा भाड्याची, 500 शेकेल. फरशी आणि उघड्या भिंती, त्यामुळे प्रत्येक नावाची शेपटी पुढच्या नावावर चढत होती. श्रवणयंत्र लावलेल्यांना काहीच कळेना. आवाज वाढवला तर आणखी वाईट. घरोघरच्या सतरंज्या आणून अंथरल्या, मागच्या भिंतीला पडदे टांगले, आवाज उलट कमी केला, माईक ओठांपासून चार बोटं. प्रत्येक नावानंतर एक श्वास. मग मागच्या रांगेतही शब्द सुटा पोचला.

खुर्च्या : वाचलेल्यांना मंचावर बसवायचं नाही. पहिली रांग, कडेला, स्वच्छतागृहाच्या दाराजवळ, शेजारी घरचं माणूस. लोक त्यांच्याकडे बघत बसतील अशी मांडणी टाळली.

खाण्याबद्दल बायकांमध्ये बरीच चर्चा झाली. आपल्याकडे कोणी आलं की हातावर काही ठेवल्याशिवाय पाठवत नाहीत. मलिदा नको हे लगेच पटलं, तो आनंदाचा. वेलचीचा चहा, पाणी, बिनसाखरेची बिस्किटं, खर्च 180.

सोमवार, 17 एप्रिल

संध्याकाळ पार पडली. चाकाच्या खुर्चीसाठी लिफ्ट असलेली गाडी सांगितली होती, 450 शेकेल. ती वीस मिनिटं उशिरा आली, त्यामुळे मिन्हा झाल्यावर थांबावं लागलं. पुढच्या वेळी गाडीला अर्धा तास आधीची वेळ सांगणार.

वाचताना एक जण थांबला. चार वर्षांची मुलगी, तिच्याखाली दोन वर्षांचा भाऊ. तो सैन्यातून आलेला मुलगा, ज्याने पहिल्या दिवशी प्रश्न विचारला होता. प्रत्येक वाचणाऱ्याच्या मागे दुसरा उभा केला होता तो यासाठीच. दुसऱ्याने पान घेतलं नाही, नुसता हात पाठीवर ठेवला, आणि मुलाने स्वतः पुढे वाचलं. हा जोडीदार नक्की ठेवा.

दिवे : साबांनी पहिला, मोगिलेवच्या आजींनी दुसरा, बेनगाझीच्या आजींनी नातीचा हात धरून तिसरा. त्या दोघी आजी शेजारी बसल्या होत्या. उरलेले तीन वाचणाऱ्या मुलांनी. तेहिलिम, मिश्ना, कद्दीश. कद्दीश आपल्या चालीत म्हटला. साबा नंतर म्हणाले, चाल वेगळी होती पण आमेन कुठे म्हणायचं ते कळत होतं.

मंगळवार, 18 एप्रिल

सकाळच्या भोंग्याची आगाऊ सूचना घरोघर दिली होती, आणि तुम्हीही द्या. अश्दोदमध्ये रॉकेटचा भोंगा झाला की आडोशाला जायला पंचेचाळीस सेकंद मिळतात. तो भोंगा चढउतार करतो, स्मरणाचा एकाच सुरात वाजतो. म्हातारं माणूस झोपेतून दचकलं तर फरक ओळखता येत नाही. आम्ही दहाच्या आधी तिघांच्याही घरी एकेक जण जाऊन बसलो. दोन मिनिटं त्यांच्यासोबत उभे राहिलो.

गुरुवार, 20 एप्रिल

हिशेब : स्टँड 720, दिवे 140, ध्वनी 500, छपाई 730, गाडी 450, चहापाणी 180. एकूण 2,720 शेकेल, सगळे वर्गणीतून. पुढच्या वर्षी स्टँड आणि चिमण्या आहेतच, खर्च दोन हजारांच्या आत येईल.

देवनागरी नावांची तपासलेली यादी आणि पानं लावलेली फाइल कोणालाही हवी असेल तर देऊ. त्यात बदल करताना उच्चार मात्र सालोनिकाच्या माणसाकडून पुन्हा ऐकून घ्या.

आज बेनगाझीच्या आजींसोबत बसून भावाचं साक्षपत्र भरलं. जन्मगाव बेनगाझी, आईचं नाव, वडिलांचं नाव, मृत्यूचं ठिकाण जादो. धंद्याच्या रकान्यात त्यांनी "तान्हं बाळ" लिहायला सांगितलं. फोटो नाही. खाली भरणाऱ्याची सही त्यांनी स्वतः केली आणि कागद याद वाशेमला रवाना झाला. त्यांच्या ओळखीत जादोचे आणखी काही जण आहेत, पेतह तिकवाला आणि नेतान्याला. शवुओतचा सण झाल्यावर त्यांच्याकडे जायचं आहे.